नेपाळ शेजारी असला, तरी परदेशच

उमराहला निघताना आपण पासपोर्ट, व्हिसा, ग्रुप सगळं महिनाभर आधी तपासतो. नेपाळला फिरायला जायचं म्हटलं की मात्र 'व्हिसा लागत नाही, शेजारीच तर आहे' म्हणत बॅगा भरतो.

या बेफिकिरीतला धोका जळगाव जिल्ह्याने जवळून पाहिलाय. 23 ऑगस्ट 2024 रोजी पोखराहून काठमांडूला जाणारी बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीपात्रात कोसळली. 27 जण गेले. त्यातले बहुतेक वरणगाव, भुसावळ परिसरातले भाविक. मृतदेह हवाई दलाच्या विमानाने महाराष्ट्रात आणावे लागले. त्याआधी 12 जुलैला चितवनमध्ये दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या.

म्हणून आम्ही सांगतो: जून ते सप्टेंबर, म्हणजे पावसाळ्यात, नेपाळची सहल ठरवू नका. घाटात रात्रीचा प्रवास नको. गाडी ठरवताना दर नंतर विचारा, आधी विचारा की ड्रायव्हरला डोंगरातल्या रस्त्यांची सवय आहे का, आणि सोबत दुसरा ड्रायव्हर आहे का.

कागदपत्रांचंही बघा. 15 ते 65 वयाच्या माणसाचं फक्त आधार कार्डावर भागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. प्रवास विमा काढा, आणि त्यात दवाखान्याचा खर्च व पेशंटला घरी आणायचा खर्च धरलाय का ते वाचा. काठमांडूतल्या भारतीय दूतावासाचा नंबर आणि गाडीचा नंबर घरच्यांकडे लिहून ठेवा. अडचण आली तर धावपळ त्यांनाच करावी लागते.