बैलउताराचे गाव : ओक्सनफुर्ट



गट मेळाव्याला गेले की दोन प्रश्न हमखास निघतात. "साहेब, बिटाची साखर म्हणजे काय प्रकार आहे?" हा एक. आणि "तिकडे परदेशात शेतकऱ्याला कारखान्यात कोणी विचारतं का?" हा दुसरा. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतील असे एक छोटे गाव जर्मनीत आहे. त्याचे नाव ओक्सनफुर्ट. या अंकात त्या गावाचा इतिहास आणि तिथला गावकारभार यांची माहिती देत आहोत. साखरेची गोष्ट त्यात ओघाने येईलच.

गाव कोठे आहे

जर्मनीच्या दक्षिणेला बव्हेरिया नावाचे मोठे राज्य आहे. त्याच्या वायव्य भागात माइन नदी वाहते. ती पुढे ऱ्हाइनला मिळते. व्युर्त्सबुर्ग हे त्या भागातले मोठे शहर. तेथून सुमारे २० किलोमीटरवर, नदीकाठी ओक्सनफुर्ट वसले आहे. लोकसंख्या ११ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचे एखादे बाजाराचे गाव म्हणा ना.

नावाचा अर्थ आपल्याला लगेच समजेल. 'ओक्स' म्हणजे बैल आणि 'फुर्ट' म्हणजे नदी पायी ओलांडण्याचा उतार. पूल नव्हता तेव्हा बैल जेथून पाण्यात घालून पलीकडे न्यायचे ती जागा. इंग्लंडातल्या ऑक्सफर्डचा अर्थही हाच.

गावाच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला जो मुलूख पसरला आहे त्याला 'गाऊ' म्हणतात. वाऱ्याने वाहून आलेल्या बारीक पिवळसर मातीची ही जमीन खोल, भुसभुशीत आणि ओल धरून ठेवणारी आहे. गहू, बार्ली आणि बीट ही तिथली मुख्य पिके. नदीकडच्या उतारांवर द्राक्षबागा. थोडक्यात, जमीन अव्वल. पण जमीन अव्वल असली म्हणजे कसणारा सुखी असतोच असे नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

पाचशे वर्षे एकच मालक

इतिहासात या गावाचे नाव एका मोठ्या कैद्यामुळे येते. इंग्लंडचा राजा रिचर्ड धर्मयुद्धावरून परतताना ऑस्ट्रियाच्या ड्यूकच्या हाती सापडला. त्याला जर्मन सम्राटाच्या ताब्यात देण्यासाठी नेत असता, ११९३ च्या मार्च महिन्यात, त्याचा शोध घेत निघालेल्या दोन इंग्रज मठाधिपतींची आणि त्याची गाठ ओक्सनफुर्टला पडली.

पण गावाच्या दृष्टीने महत्त्वाचे साल १२९५. व्युर्त्सबुर्गच्या बिशपने त्या साली हे गाव विकले. घेतले कोणी, तर तिथल्याच मुख्य चर्चच्या धर्माधिकारी मंडळाने. घरे, माणसे, कर, पुलाचा जकात-नाका, सगळ्यासकट. तेव्हापासून १८०३ पर्यंत, पाचशेहून अधिक वर्षे, गावाचा मालक हे मंडळच राहिले.

गावाला तट होता, बुरूज होते, वेशी होत्या. त्यांपैकी बरेच बुरूज आजही उभे आहेत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस गावकऱ्यांनी नवे नगरभवन बांधायला घेतले. त्याच्यावरच्या छोट्या मनोऱ्यात १५६० चे घड्याळ आहे. तास वाजला की खिडक्यांतून नगरसेवकांच्या बाहुल्या डोकावतात आणि दोन बैल एकमेकांना टक्कर देतात. पाहायला परगावची माणसे जमतात. पण ज्या काळात हे घड्याळ बसवले त्या काळी नगरसेवक नुसते डोकावण्यापुरतेच होते, असे म्हणावयास हरकत नाही. शेवटचा शब्द मालकाचा.

१५२५ चे शेतकरी

त्या काळी तिकडच्या कुळाची अवस्था काय होती? धान्याचा दहावा हिस्सा चर्चला. सरदाराकडे वेठबिगार. जंगलातले लाकूड तोडायला बंदी, ओढ्यातले मासे धरायला बंदी. कुळ मेले तर त्याच्या घरातले चांगले जनावर किंवा वस्त्र सरदार घेऊन जाणार.

१५२५ च्या मार्चमध्ये मेमिंगेन गावी शेतकऱ्यांनी बारा कलमांची मागणी लिहून काढली. हे गावही आज बव्हेरियातच आहे. आमचा धर्मोपदेशक आम्ही निवडू, वेठबिगारी कमी करा, खंड जमिनीच्या उत्पन्नाप्रमाणे ठेवा, गावाची राने गावाला परत द्या, अशा त्या मागण्या होत्या. कलमे छापली गेली आणि झपाट्याने पसरली.

एप्रिलमध्ये तावबर नदीच्या खोऱ्यातले हजारो शेतकरी ओक्सनफुर्टला येऊन थांबले. २७ एप्रिल १५२५ रोजी तिथे त्यांनी आपल्या फौजेची नियमावली केली. 'ओक्सनफुर्टची नियमावली' म्हणूनच ती इतिहासात ओळखली जाते. अधिकारी कोण, शिस्त कशी राखायची, हे त्यात ठरवले होते. नांगर सोडून आलेल्या माणसांनी आपला कारभार आपण कागदावर आणावा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

पुढे काय झाले? मे महिन्यात त्यांनी व्युर्त्सबुर्गच्या किल्ल्याला वेढा घातला, पण तो पडला नाही. राजेरजवाड्यांची संयुक्त फौज आली. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन लढायांत शेतकऱ्यांचा चुराडा झाला. दुसरी लढाई ओक्सनफुर्टच्या गाऊतच, ४ जूनला झाली. मागाहून शिरच्छेद आणि दंड यांचे सत्र चालले. शेतकऱ्यांची बाजू घेणाऱ्या शहरवासीयांनाही सोडले नाही. थोर शिल्पकार टिलमान रिमेनश्नायडर हा व्युर्त्सबुर्गचा नगराध्यक्ष राहिलेला माणूस. त्यालाही तुरुंगात टाकले. त्याने घडवलेली संत निकोलसची मूर्ती ओक्सनफुर्टच्या चर्चमध्ये आजही आहे.

आजचा गावकारभार

१८०३ साली चर्चची राज्ये मोडली आणि गाव बव्हेरियाकडे गेले. मध्ये काही वर्षे दुसऱ्या राजवटीत राहून १८१४ पासून ते कायमचे बव्हेरियात आले. पुढे निवडणुका आल्या, आणि १९३३ साली नाझींनी त्या मोडूनही टाकल्या. निवडून आलेली मंडळे बरखास्त झाली आणि वरून नेमलेली माणसे बसली. त्याच राजवटीत व्युर्त्सबुर्ग आणि भोवतालच्या गावांतून ज्यू कुटुंबांना १९४१ ते १९४३ या काळात गाड्यांत भरून मरणाच्या छावण्यांकडे पाठवले. शेकडो वर्षांचे शेजारी नाहीसे झाले. हिशेब विचारणारे कोणी उरले नाही म्हणजे गोष्ट कुठवर जाते, ते यावरून समजावे.

युद्धानंतर १९४६ पासून पुन्हा निवडणुका सुरू झाल्या. आजची पद्धत आपण नीट समजून घेण्यासारखी आहे.

नगराध्यक्ष आणि नगरसेवक दोन्ही लोकांतून थेट, ६ वर्षांसाठी निवडले जातात. १० ते २० हजार वस्तीच्या गावाला २४ नगरसेवक. मजा अशी की प्रत्येक मतदाराला तितकीच, म्हणजे २४ मते असतात! एका उमेदवाराला त्यांतली जास्तीत जास्त ३ देता येतात. एका पक्षाचे चार, दुसऱ्याचे सहा, असे मिसळूनही देता येतात. मतपत्रिका चांगली घोंगडीएवढी होते आणि मोजणीला वेळ लागतो. पण पक्षाने तळाला टाकलेला कामाचा माणूस लोक वर काढू शकतात.

दुसरी गोष्ट नागरिक सभेची. नगराध्यक्षाने वर्षातून निदान एकदा ती बोलावलीच पाहिजे, असा राज्याचा कायदा आहे. सभेने एखादी शिफारस केली तर नगरपरिषदेने ३ महिन्यांच्या आत ती विचारात घेतलीच पाहिजे. "पाहू, करू" म्हणून बासनात बांधता येत नाही.

तिसरी गोष्ट, लोकमताची. १ ऑक्टोबर १९९५ रोजी बव्हेरियाच्या जनतेने राज्यभर मतदान घेऊन हा हक्क मिळवला. ओक्सनफुर्टएवढ्या गावात ९ टक्के मतदारांच्या सह्या जमल्या की गावच्या एखाद्या प्रश्नावर मतदान घ्यावेच लागते. नुसते बहुमत मात्र पुरत नाही. जिंकणाऱ्या बाजूला एकूण मतदारांपैकी निदान २० टक्क्यांची मते हवीत. म्हणजे घरी बसणाऱ्यांच्या जिवावर मूठभरांनी निर्णय लादू नये.

आग विझवायला पगारी बंबवाले फक्त मोठ्या शहरांत. ओक्सनफुर्टसारख्या गावी आपली नोकरी, शेती सांभाळून विनावेतन धावणारी गावकऱ्यांचीच पथके असतात.

तालुका गेला तेव्हा

१ जुलै १९७२ रोजी बव्हेरियात जिल्ह्यांची फेररचना झाली. ओक्सनफुर्ट तोवर एका छोट्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. आकाराने तो आपल्या तालुक्याएवढाच. तो मोडला आणि बराचसा भाग व्युर्त्सबुर्ग जिल्ह्यात घातला. कचेऱ्या गेल्या, वर्दळ गेली. गाड्यांवर 'ओसीएच' अशी अक्षरे असायची, तीही बंद झाली. आसपासची होपफरश्टाट, गोसमान्सडॉर्फ अशी खेडी त्याच दशकात ओक्सनफुर्टात विलीन झाली. लोकांना हे लागले होते, हे एवढ्यावरून दिसते की चाळीस वर्षांनी कायदा सैल होताच जुनी 'ओसीएच' अक्षरे पुन्हा मिळू लागली आणि लोक ती हौसेने घेऊ लागले.

कचेऱ्या गेल्या तरी गावात एक मोठी गोष्ट उरली. ती म्हणजे साखर कारखाना.

गाऊतला कारखाना

बिटात साखर आहे हे जर्मन शास्त्रज्ञ मार्गग्राफ याने १७४७ साली दाखवले. त्याचा शिष्य आखार्ड याने १८०१ च्या सुमारास सायलेशियात पहिला कारखाना काढला. हे बीट आपल्या कोशिंबिरीच्या लाल बिटासारखे नसते. ते पांढरे, मुळ्यासारखे निमुळते असते. त्यात १६ ते १८ टक्के साखर असते. मार्च-एप्रिलमध्ये पेरणी आणि सप्टेंबरपासून काढणी. खोडवा नाही, निडवा नाही. शिवाय बिटावर बीट घेत नाहीत. तीन-चार वर्षांनीच त्या रानात पुन्हा बीट येते. मध्ये गहू, बार्ली. आमचे शेती खाते फेरपालटाबद्दल जे घसा कोरडा करून सांगते, ते तिथे रिवाजच आहे.

ओक्सनफुर्टचा कारखाना १९५२ साली सुरू झाला. 'साखर कारखाना फ्रँकोनिया' असे त्याचे नाव. त्या भागातल्या बीट उत्पादकांच्या पुढाकारातून तो उभा राहिला. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने सहकारी कारखाना धुराडे पेटवतो, त्याच्याच पाठोपाठचा हा काळ. दोघांची एकमेकांना काही खबर नव्हती. पण मुळाशी धागा आहे. जर्मनीच्या ऱ्हाइन भागात रायफायझेन यांनी एकोणिसाव्या शतकात ज्या शेतकरी पतसंस्था काढल्या, त्यांचा अभ्यास निकोल्सन यांनी मद्रास सरकारसाठी केला, आणि त्या धर्तीवर १९०४ चा सहकारी कायदा हिंदुस्थानात आला.

तिथला मोबदल्याचा हिशेब सभासदांनी लक्षात घ्यावा. प्रत्येक उत्पादकाच्या बिटाचे नमुने घेतात, धुऊन मातीचे वजन वजा करतात आणि साखरेचे प्रमाण यंत्रावर तपासतात. ज्याच्या बिटात साखर जास्त त्याला पैसे जास्त. आपल्याकडे दर बसतो तो साऱ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. त्यामुळे कोवळा, पाचटासकट ऊस घालणारा आणि पक्व, स्वच्छ ऊस घालणारा एकाच मापात मोजले जातात. नमुना तपासणीवर उत्पादक संघाची देखरेख असते, हेही महत्त्वाचे.

१९८८ साली हा कारखाना झ्युडत्सुकर या मोठ्या कंपनीत विलीन झाला. मग शेतकऱ्याचे काय राहिले? राहिले ते असे, की त्या कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग बीट उत्पादकांच्या सहकारी संस्थेकडे आहेत. नाव बदलले, पण भागाची दोरी सोडली नाही.

ती दोरी हातात असली म्हणून सगळे गोड आहे असे नाही. युरोपात १९६८ पासून साखरेला कोटा आणि भावाची हमी होती. २००६ मध्ये हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरवण्याचे ठरले, आणि ३० सप्टेंबर २०१७ रोजी कोटाही संपला. भाव कोसळले, अनेक कारखाने बंद पडले. बव्हेरियातलाच रेगेन्सबुर्गचा जुना कारखाना २००७ च्या हंगामानंतर थांबला. ओक्सनफुर्टचा टिकला. अलीकडे एका तुडतुड्यामार्फत पसरणाऱ्या रोगाने दक्षिण जर्मनीत बिटातली साखर घटवली आहे, आणि तिथले शेती अधिकारी त्याच विवंचनेत आहेत.

आपण काय घ्यावे

ज्या गावात १५२५ साली शेतकऱ्याने आपला कारभार कागदावर मांडला आणि त्यापायी डोकी गमावली, त्याच गावात आज शेतकऱ्याच्या भागाचा कारखाना चालतो. हे आपोआप झालेले नाही. तटबंदी होती तेव्हा गाव विकले गेले होते. निवडणूक होती तरी १९३३ साली ती गेली. कायद्यात नागरिक सभा आहे, पण खुर्च्या रिकाम्या असल्या तर शिफारस करणार कोण?

आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे तसेच आहे. अहवाल घरी येतो, तो किती जण वाचतात? वजनकाट्यावर शंका आली तर पारावर बोलतो, सभेत उठून विचारत नाही. 'मंजूर, मंजूर' म्हणून जेवायला पळतो. एक सभासद एक मत हा हक्क आपल्याला लढाई न करता मिळाला आहे. म्हणून तो स्वस्त समजू नये.

तेव्हा येत्या सभेला अहवाल वाचून यावे. उतारा, तोडणी-वाहतूक खर्च, कर्ज आणि आपल्या उसाची बिले या चार बाबींवर निदान एकेक प्रश्न लिहून आणावा. शेती खात्याला विचारायचे असेल तर अवश्य विचारा. उत्तर देणे आमचे कामच आहे.

– ऊस विकास अधिकारी