ऑक्सिडीकरण की क्षपण? न्हाणीघरातल्या तीन अभिक्रिया

आजचा विषय दहावीच्या पुस्तकातला आहे, पण उदाहरणं मात्र मी न्हाणीघरातली घेणार आहे. कारण यातली एक अभिक्रिया अशी आहे, की तिच्याकडे दुर्लक्ष झालं तर नुसते गुण जात नाहीत, जिवावर बेतू शकतं.

आधी शब्दांचं पाहू. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकात 'ऑक्सिडीकरण' आणि 'क्षपण' असे शब्द आहेत. इंदूर किंवा दिल्लीत हिंदी माध्यमात शिकणाऱ्या आपल्या मुलांना तेच 'उपचयन' आणि 'अपचयन' म्हणून भेटतात. नावं वेगळी, गोष्ट एकच.

शाळेतली पहिली व्याख्या आठवते? ऑक्सिजन मिळाला किंवा हायड्रोजन गेला, तर ऑक्सिडीकरण. उलट झालं, तर क्षपण. व्याख्या बरोबर आहे, पण जिथे ऑक्सिजनचा पत्ताच नसतो तिथे ती अडते. म्हणून मी म्हणतो, ऑक्सिजन शोधत बसू नका, इलेक्ट्रॉनचा हिशेब मांडा. ज्याने इलेक्ट्रॉन दिले त्याचं ऑक्सिडीकरण, ज्याने घेतले त्याचं क्षपण.

इलेक्ट्रॉन डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक अणूला एक 'ऑक्सिडीकरण अंक' द्यायचा. सुट्या मूलद्रव्याचा अंक शून्य. संयुगात ऑक्सिजनचा बहुधा उणे २, अधातूशी जोडलेल्या हायड्रोजनचा अधिक १, सोडियमचा अधिक १. आणि संपूर्ण रेणूची बेरीज शून्य. आता अभिक्रियेच्या आधीचा आणि नंतरचा अंक ताडून पाहा. अंक वाढला तर ऑक्सिडीकरण, उतरला तर क्षपण. इलेक्ट्रॉनचा प्रभार ऋण असतो. तो घेणं म्हणजे उधारी अंगावर घेणं. म्हणून घेणाऱ्याचा अंक उतरतो.

चला, न्हाणीघरात. फरशी धुवायच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं.

पहिली अभिक्रिया. बोअरच्या पाण्याने नळाखाली साचलेल्या पांढऱ्या थरावर ॲसिड पडलं, की फसफसून बुडबुडे येतात. त्या थरात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतं. कॅल्शियम आधी अधिक २, नंतरही अधिक २. कार्बन आधी अधिक ४, आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातानाही अधिक ४. कोणाचाच अंक हलला नाही. बुडबुडे कितीही आले, तरी इथे ऑक्सिडीकरणही नाही आणि क्षपणही नाही.

दुसरी. तेच ॲसिड जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीवर सांडलं. पुन्हा बुडबुडे, पण या वेळी हायड्रोजनचे. जस्त शून्यावरून अधिक २ वर गेलं, म्हणजे त्याचं ऑक्सिडीकरण झालं. हायड्रोजन अधिक १ वरून शून्यावर उतरला, त्याचं क्षपण झालं. या देवघेवीत ऑक्सिजन कुठेच नाही! दोन्ही गोष्टी नेहमी जोडीनेच घडतात. देणारा असेल तर घेणाराही असतोच. म्हणून अशा अभिक्रियेला 'रेडॉक्स' म्हणतात.

तिसरी जपून ऐका. 'दोन औषधं एकत्र केली की जास्त स्वच्छ होतं' असं समजून काही जण ॲसिडमध्ये ब्लीच ओततात. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. त्यात सोडियम अधिक १, ऑक्सिजन उणे २. बेरीज शून्य व्हायची तर क्लोरीन अधिक १ हवा. आम्लातला क्लोरीन मात्र उणे १. दोघे भेटले की आम्लातला क्लोरीन एक इलेक्ट्रॉन देतो, ब्लीचमधला तो घेतो आणि दोघेही शून्यावर येतात. एकाचं ऑक्सिडीकरण, दुसऱ्याचं क्षपण. आणि शून्य अंकाचा क्लोरीन म्हणजे सुटा क्लोरीन वायू. १९१५ साली पहिल्या महायुद्धात ईप्र इथे सैनिकांवर सोडला होता, तोच. तो हवेपेक्षा जड असतो आणि श्वासमार्गाची आग करतो. लहानशा बंद न्हाणीघरात तो पटकन साचतो.

तिन्ही वेळा आम्ल तेच होतं. नुसत्या बुडबुड्यांकडे पाहून फरक कळला नसता, तो अंकांनी दाखवला.

म्हणून घरात एवढं सांगून ठेवा, कामाला येणाऱ्या ताईंनाही सांगा: ॲसिड आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करायची नाही, एकामागोमाग एक त्याच जागी ओतायचीही नाही. चुकून झालंच आणि उग्र वास आला, तर पुसत बसू नका. आधी बाहेर मोकळ्या हवेत या. खोकला किंवा धाप थांबत नसेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. हायड्रोजन पेरॉक्साइडचं विघटन होऊन पाणी आणि ऑक्सिजन तयार होतो. पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजनचा अंक उणे २ नसून उणे १ असतो. नियम सांगताना मी 'बहुधा' म्हटलं, ते याचसाठी. मग इथे इलेक्ट्रॉन देणारा कोण आणि घेणारा कोण? अंक मांडून पाहा, उत्तराची गंमत वाटेल.