हिरवी नंबरप्लेट आणि भाड्याच्या खोलीतला प्लग

आम्ही विजेवर चालणारी मोटार घेतली ती फेब्रुवारी २०२० मध्ये. त्या काळी नागपुरात अशी गाडी सिग्नलवर थांबली की शेजारचा माणूस काच खाली करून विचारी, "साहेब, आवाजच येत नाही, चालू आहे ना?" बार रूममधील आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी तर तिचे नावच 'खेळणे' ठेवले. पावसात शॉक लागेल, दोन वर्षांत बॅटरी बसेल, रस्त्यात बंद पडली तर बैल जुंपावे लागतील, असे सल्ले फुकटात मिळाले. आम्ही मात्र हट्टाला पेटलो होतो. कर्ज काढले, गाडी आणली, आणि महिन्याभरात टाळेबंदी लागली! नवी कोरी गाडी अंगणात उभी आणि आम्ही रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसतो आहोत, असा तो काळ गेला.

टाळेबंदी उठली आणि गाडीने आम्हाला अक्षरशः वेड लावले. ना क्लच, ना गिअर, ना धूर. पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते आणि त्या मंदावण्यातून तयार झालेली वीज परत बॅटरीत जमा होते, हे आम्ही भेटेल त्याला समजावून सांगत सुटलो. कोर्टातले शिपाई, स्टेनो, अशील, विहारातली पोरे, ज्याला म्हणाल त्याला एक फेरी मारून आणली. आमच्या सौ. म्हणाल्या, "खटल्यापेक्षा गाडीवरच जास्त बोलता तुम्ही आजकाल." खोटे नव्हते ते.

अडचणीही होत्या आणि त्या लपवण्याचे कारण नाही. गाडीच्या कागदावर एका चार्जमध्ये तीनशेहून अधिक किलोमीटर लिहिलेले आहे. तो आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा. नागपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, एसी लावून गाडी दोनशेच्या आसपास चालते. एकदा अमरावतीला तारीख होती. जाण्याचे अंतर दीडशे किलोमीटरहून थोडे जास्त. जाऊन येणे एका चार्जमध्ये शक्य नव्हते आणि वाटेत चार्जिंग स्टेशन नव्हते. तिथल्या एका वकील मित्राच्या घरी सकाळी पॉवर प्लगला गाडी लावली. कोर्टाचे काम आटोपून सायंकाळी आलो तेव्हा सहा तासांत अठराएक युनिट वीज भरली होती. तेवढ्यावर एसी बंद ठेवून, घाम पुसत, काट्याकडे डोळे लावून घर गाठले. आता महामार्गांवर जलद चार्जर लागले आहेत, तो जीव टांगणीला लागण्याचा प्रकार पुष्कळ कमी झाला आहे. पण आजही आमची गाडी दहापैकी नऊ वेळा चार्ज होते ती आमच्या अंगणातल्या प्लगवर, रात्री, आम्ही झोपेत असताना. महिन्याला हजार किलोमीटर चालते, दीडशेच्या आसपास युनिट लागतात. वरच्या टप्प्याचा दर धरला तरी खर्च पेट्रोलच्या एक तृतीयांशाच्या आसपास पडतो.

वाचकहो, या सगळ्या कौतुकाच्या मुळाशी एक अगदी साधी गोष्ट आहे. आमच्याकडे आमचे अंगण आहे आणि त्या अंगणात आमच्या नावाच्या मीटरवरचा प्लग आहे. गाडी चालते ती त्या प्लगवर. हे आम्हाला कळायला एक ई-रिक्षावाला भाऊ आमच्या कार्यालयाची पायरी चढून यावा लागला.

त्याच्याकडे येण्यापूर्वी सरकारने आमचे लाड किती केले ते सांगितले पाहिजे. विजेच्या वाहनांवरील जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आयकर कायद्यात ८०-ईईबी हे नवे कलम आले. त्यानुसार ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या वाहनकर्जाच्या व्याजावर वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. आम्हीही ती घेतली. राज्याने मोटार वाहन कर माफ केला. हिरव्या रंगाची नंबरप्लेट मिळाली. पुढे २०२५ च्या राज्य धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोलमाफी जाहीर झाली. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरील किमतीच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचवण्यात आला होता. मार्च संपायच्या आत तो मागेही घेण्यात आला. तीस लाखांच्या गाडीवाल्याचे गाऱ्हाणे किती लवकर ऐकले जाते पाहा!

आम्ही स्वतःला या क्षेत्रातले पहिलटकर समजत होतो. प्रत्यक्षात या देशात विजेच्या वाहनावर रोजचे पोट प्रथम भरले ते ई-रिक्षावाल्याने. पायडल मारून छाती फुटलेल्या माणसाने कर्ज काढून, चार बॅटऱ्यांची तीनचाकी घेतली ती पर्यावरणाचे भाषण ऐकून नव्हे. त्याच्या मांड्यांना विसावा हवा होता म्हणून. त्या वेळी कायद्यात त्याला जागाच नव्हती. जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ई-रिक्षांवर बंदी घातली. त्यानंतर ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राने नियम केले आणि २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम २-अ आले, तेव्हा कुठे ई-रिक्षा हा शब्द कायद्याच्या पुस्तकात शिरला. आम्हाला पहिल्या दिवसापासून सवलत मिळाली. त्याच्या वाट्याला आधी बंदी आली, मग व्याख्या आली.

आमच्या नागपूरचेच दुसरे उदाहरण घ्या. २६ मे २०१७ रोजी येथे विजेवरच्या टॅक्सी, ऑटो, बस आणि ई-रिक्षा यांचा देशातला पहिला मोठा प्रयोग सुरू झाला. सुमारे दोनशे वाहने होती. फिती कापल्या गेल्या, फोटो छापून आले. पहिले वर्ष उलटण्याआधीच त्यातल्या टॅक्सीचालकांची तक्रार सुरू झाली की चार्जिंगच्या रांगेत तासन् तास जातात, तेवढ्या फेऱ्या बुडतात, आम्हाला आमची डिझेलची गाडी परत द्या. त्यांच्यावर हसणारे तेव्हा पुष्कळ होते. नवे तंत्रज्ञान यांना पेलत नाही, असे म्हणणारेही होते. आम्ही विचारतो, त्यांचे चुकले काय? आमची गाडी रात्री आठ तास उभी राहते तेव्हा आमचे काही बुडत नाही. टॅक्सीवाल्याची गाडी दुपारी तीन तास उभी राहिली तर त्या दिवसाचा हप्ता बुडतो. बॅटरीला काय, ती दोघांचीही सारखीच भरते. वेळेची किंमत मात्र दोघांनी वेगवेगळी मोजली.

आता त्या ई-रिक्षावाल्या भावाची गोष्ट. कामठी रोडच्या बाजूला भाड्याच्या खोलीत राहतो. बायको, दोन मुले, म्हातारी आई. दारात रिक्षा लावायचा आणि खोलीतल्या प्लगवरून रात्री बॅटऱ्या भरायचा. मीटर घरमालकाच्या नावाचा, पण वापराप्रमाणे पैसे हाच देत होता. एक दिवस तपासणीला पथक आले आणि घरगुती मीटरवरून धंद्याचे वाहन चार्ज होते म्हणून वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली आकारणीची नोटीस निघाली. हे कलम अनधिकृत वापराचे. त्यात दुप्पट दराने आकारणी होते. नोटीस हातात घेऊन तो आमच्याकडे आला. म्हणाला, "जय भीम वकीलसाहेब. मी चोरी नाही केली. बिल भरतो ना मी."

आम्ही त्याच्या हरकती लिहून दिल्या. राज्य वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकातच म्हटले आहे की आपल्या जागेत आपले स्वतःचे वाहन चार्ज करणाऱ्याला त्या जागेला लागू असलेलाच दर लागेल. आम्ही त्या वाक्यावर बोट ठेवले. सुनावणी झाली. आकारणी रद्द झाली. आम्हाला वाटले, जिंकलो.

आठ दिवसांनी तो परत आला. घरमालकाने प्लगच काढून टाकला होता. "कोर्टकचेरीची भानगड आपल्याला नको," एवढेच त्याचे उत्तर. दरपत्रकातली 'आपली जागा' भाडेकरूची नव्हती. कायदा त्याच्या बाजूने, पण भिंत घरमालकाच्या बाजूने! तेव्हापासून तो एका गॅरेजवाल्याकडे रात्रीचे शंभर रुपये देऊन बॅटऱ्या भरतो आणि रिक्षा चोरीला जाऊ नये म्हणून आठवड्यातून चार रात्री तिथेच रिक्षात झोपतो. महिन्याचे तीन हजार रुपये. आमच्या मोटारीच्या विजेचे बिलही साधारण तेवढेच येते किंवा थोडे कमीच. ज्याच्या वाहनाचे वजन आमच्या गाडीच्या निम्मेही नाही, त्याने आमच्याइतके पैसे भरायचे आणि वर रात्रीची झोप गमवायची!

आम्ही त्याला म्हणालो, "आमच्या अंगणात लाव. प्लग आहेच." तो हसला. म्हणाला, "एखाद दिवस ठीक आहे साहेब. रोजचा उपकार नको." त्या वाक्याने आम्ही जागेवर आलो. हक्काच्या जागी उपकार देऊ करणे ही चूक आम्ही, एवढी वर्षे चळवळीत काढून, सहज केली होती.

येथे बाबासाहेबांची आठवण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. युद्धोत्तर काळातील वीज धोरण ठरवणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. विजेची मालकी कोणाची असावी, सरकारची की खाजगी कंपन्यांची, आणि ती स्वस्त व मुबलक कशी मिळेल, हे प्रश्न त्यांनी १९४३ मध्ये त्या समितीपुढे ठेवले. वीज ही श्रीमंताच्या दिवाणखान्यातील झुंबरासाठी नसून या देशातल्या कष्टकऱ्याला दारिद्र्यातून वर काढण्यासाठी आहे, ही त्यांची दृष्टी होती. आज ई-रिक्षावाल्याच्या बॅटरीपर्यंत ती वीज हक्काने पोचत नसेल तर ते काम अपुरे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. आमच्या गाडीला धुराडे नाही, पण धूर आहे. तो आमच्या दारात निघत नाही, कोराडीला निघतो. आपल्या देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज आजही कोळशावर तयार होते. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख आजूबाजूच्या शेतांत, पाण्यात गेली. त्या गावातल्या कोणाच्या दारात हिरव्या नंबरप्लेटची मोटार उभी होती? तरीही आम्ही ही गाडी विकणार नाही. पेट्रोलचा धूर शहरातल्या रस्त्यावर उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाच्या, फेरीवाल्याच्या, सफाई कामगाराच्या छातीत जातो आणि तो कमी होणे गरजेचे आहे. वीज जसजशी सूर्य-वाऱ्याची होईल तसतशी हीच गाडी अधिक स्वच्छ होईल. परंतु आपण फार मोठे पुण्य करतो आहोत असा आव आणणे आम्ही सोडून दिले आहे.

मग करायचे काय? कायद्याची दारे पूर्ण बंद नाहीत. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केले की वाहन चार्ज करून देणे ही सेवा आहे, त्यासाठी वीज विक्रीचा परवाना लागत नाही. याचा अर्थ वस्तीतली एखादी सहकारी संस्था, बचत गट, चालकांची संघटना स्वतःचे चार्जिंग स्टेशन काढू शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन वाहन चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याची तरतूद झाली. या दोन्ही गोष्टी श्रीमंत सोसायट्यांना माहीत आहेत. आपल्या वस्त्यांना त्या कोणी सांगितलेल्या नाहीत.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मोटारींना टोलमाफी देताना जेवढा उत्साह दाखवला त्याच्या अर्ध्या उत्साहाने महानगरपालिकेने प्रत्येक मोठ्या वस्तीत, समाज भवनाच्या किंवा बाजाराच्या मोकळ्या जागेत, रात्रीच्या चार्जिंगचे ओटे बांधावेत. वर छप्पर, राखणीला माणूस, आणि घरगुती दराच्या आसपास दर. चालकांच्या संघटनांनी त्यासाठी लेखी अर्ज करावेत, पोच घ्यावी, पोच जपून ठेवावी. अर्ज लिहून द्यायला आम्ही आहोत आणि आमच्यासारखे प्रत्येक जिल्हा न्यायालयात दहा-वीस तरी वकील समाजात आहेत. त्यांनी आठवड्यातला एक तास यासाठी काढावा. आणि ज्यांनी ज्यांनी हिरव्या नंबरप्लेटची गाडी घेतली आहे, सवलती घेतल्या आहेत, त्यांनी निदान आपल्या गल्लीतल्या ई-रिक्षावाल्याला विचारावे की तू रात्री बॅटरी कुठे भरतोस?

आम्ही पहिला अर्ज त्या भावाच्या नावाने आणि त्याच्याबरोबरच्या अकरा चालकांच्या सह्यांनिशी दिला आहे. पोच मिळाली आहे, उत्तर मिळालेले नाही. पुढच्या महिन्यात स्मरणपत्र जाईल. तोही पुढच्या आठवड्यात पुन्हा येईल, सहीसाठी आणखी चार जणांना घेऊन.