बेंगळुरूच्या विमान-संग्रहालयातील सोलापूरकर

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की कुंभारी येते. कुंभारीच काय, त्या सबंध टापूत आज शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव घेतले तर ऐकणाऱ्याला महाविद्यालय आठवते, नाहीतर साखर. लढाऊ विमान सहसा कोणाला आठवत नाही. ते आठवावे असे ठिकाण मात्र उद्यान एक्स्प्रेसने एका रात्रीच्या अंतरावर आहे. बेंगळुरूच्या जुन्या विमानतळ रस्त्यावर हिंदुस्थान एरोनॉटिक्सने २००१ साली आपले विमान-संग्रहालय उघडले.

संग्रहालयाच्या आवारात भारतात बांधलेली विमाने उभी आहेत. त्यांत १९६१ साली प्रथम उडालेले 'मारुत' हे लढाऊ विमान आहे. मुले साहजिकच तिकडे धावतात. व्यापारी घरातील वडीलधाऱ्यांना मात्र या कारखान्याच्या जन्माची कथा अधिक जवळची वाटावी, कारण ती मुळात एका पेढीवरच्या मुलाची कथा आहे.

वालचंदजींचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, कापूस आणि सावकारीचा व्यवहार असलेल्या जैन कुटुंबात झाला. घरचा धंदा सोडून ते रेल्वेच्या ठेकेदारीत उतरले; पुढे १९१९ मध्ये सिंदिया कंपनीच्या जहाजांनी त्यांनी इंग्रज कंपन्यांशी सामना मांडला. १९३९ साली अमेरिकेहून परतताना विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली यांच्याशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवीत होते. चीनमध्ये होते ते हिंदुस्थानात का होऊ नये, हा विचार वालचंदजींच्या मनाने घेतला. इंग्रज सरकार प्रथम अनुत्सुक होते. युद्धाची झळ वाढली तेव्हा ते नरमले.

जागेचा प्रश्न म्हैसूर संस्थानाने सोडवला. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जमीन दिली, भांडवलातही वाटा उचलला. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. संस्थानाचे पंचवीस लाख, वालचंदजींचे पंचवीस लाख. पुढच्या वर्षी हिंदुस्थान सरकारही तितक्याच रकमेने भागीदार झाले. ऑगस्ट १९४१ मध्ये, म्हणजे वर्ष भरण्यापूर्वीच, येथे जुळवलेले पहिले 'हार्लो' प्रशिक्षण विमान आकाशात गेले. आजही एखादा कारखाना इतक्या वेगाने उभा राहणे अवघडच.

यानंतरचे पान व्यापाऱ्याला चटका लावणारे आहे. जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले आणि युद्धकाळात असा कारखाना खासगी हाती नको, असे सरकारने ठरवले. १९४२ साली वालचंदजींचा हिस्सा सरकारने विकत घेतला. पैसे मिळाले, पण स्वप्न पाहणाऱ्याचा कारखान्याशी संबंध दीड वर्षांच्या आतच तुटला. १९४३ मध्ये तो अमेरिकी हवाई दलाच्या दुरुस्तीकामाला लागला आणि नवी विमाने बांधण्याचे काम युद्ध संपेपर्यंत बाजूला पडले.

ते पुन्हा सुरू झाले तेव्हा डॉ. विष्णू माधव घाटगे या मराठी अभियंत्याने एचटी-२ हे प्रशिक्षण विमान आखले. १९५१ साली ते उडाले आणि पुढे कित्येक वर्षे हवाई दलाचे नवे वैमानिक त्यावर शिकले. ८ एप्रिल १९५३ रोजी शेठजींचे निधन झाले, तेव्हा त्या पहिल्या उड्डाणाला दोन वर्षेही झाली नव्हती. कंपनीत त्यांचा एक रुपयाही उरलेला नव्हता. विमान मात्र त्यांच्याच कारखान्यातले होते.