रोहिणी की गुरू?

दिवाळीची अवस म्हणजे तारे पाहणाऱ्यांची पर्वणी. चंद्राची अडचण नाही, पावसाळी ढग सरलेले. आमच्या उरणात मात्र १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाल्यापासून उत्तरेकडे रोजच रात्रभर रोषणाई असते, आणि आभाळात ठळक तारे तेवढे उरतात. अशा वेळी खिशातल्या फोनची मदत घ्यावी, असे धाकट्या मंडळींचे म्हणणे.

२०२४ च्या दिवाळीत रात्री दहाच्या सुमारास नातीला घेऊन गच्चीवर गेलो. पूर्वेला एक टपोरा तारा झळकत होता. "ती बघ रोहिणी," मी ऐटीत म्हणालो. लहानपणी वडिलांनी याच गावात दाखवलेली! नातीने फोन तिकडे धरला आणि म्हणाली, "आजोबा, हा तर ध्रुव म्हणतोय!"

पूर्वेला ध्रुव? मी पोट धरून हसलो. पण पोरगी हुशार. तिने फोनचे पाकीट काढले. त्याच्या झाकणाला लोहचुंबक होते, आणि फोनला दिशा कळते ती पोटातल्या होकायंत्रावरून! मग हवेत इंग्रजी आठ काढावा तसा फोन फिरवला. यंत्र ताळ्यावर आले आणि म्हणाले, गुरू! रोहिणी होती त्याच्या वर, जराशी मंद, तांबूस. ग्रह लुकलुकत नाही हे वडिलांनीच शिकवले होते. नेमके तेवढे विसरलो. आता हसण्याची पाळी नातीची.

तेव्हापासून आम्ही दोघे ही ॲप्स पारखून घेतो. पैसे आधी मोजू नयेत. 'सात दिवस फुकट' म्हणणारी काही ॲप्स आठव्या दिवशी गुपचूप वर्षाची वर्गणी कापतात; आमची एकदा कापली गेली, आणि सौ.ने त्यावर जे ऐकवले ते इथे छापण्याजोगे नाही. २००९ साली गूगलने काढलेले आणि २०१२ साली सर्वांना खुले केलेले 'स्काय मॅप' अँड्रॉइड फोनवर फुकट चालते. नवख्याला ते पुरे. चित्र देखणे हवे तर 'स्टेलेरियम'. फॅबियन शेरो या फ्रेंच माणसाने सुरू केलेले. त्याच्याही फुकट आवृत्तीत घरच्यांचे भागते.

रात्रीसाठी पडदा लाल करण्याची सोय हवीच. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि पांढऱ्या पडद्याच्या एका झगझगाटाने ती फुकट जातात. इंटरनेट बंद करूनही ॲप चालते का, हे घरीच पाहावे.

आणि परीक्षा ध्रुवाची. उरणचे अक्षांश सुमारे १९, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून १९ अंशांवर. हात लांब करून एकावर एक दोन मुठी ठेवल्या की जवळपास तेवढी उंची भरते. ॲपचा ध्रुव तिथे नसेल, तर आधी पाकीट काढून पाहा.