आधी गोठा, मग सोसायटी : मिशिगनहून पत्र

ॲन आर्बर, मिशिगन

शिरूर-दौंडकडच्या नातेवाइकांशी फोनवर बोलताना हल्ली एक गाऱ्हाणे हमखास निघते. रस्त्यालगतची शेते गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली, प्लॉटिंग झाले, इमारती उभ्या राहिल्या आणि राहायला आलेल्या मंडळींना शेजारच्या गोठ्याचा वास सहन होईना. शिक्रापूर-सणसवाडीकडे हे आधी सुरू झाले, आता यवत-केडगावकडेही ऐकू येते. उकिरडा हलवा, कोंबड्या काढा, म्हशी गावाबाहेर न्या. ज्याच्या आजोबांनी तिथे दावणी बांधल्या, तो स्वतःच्या वस्तीवर उपरा ठरतो.

हे भांडण अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी पेटले होते. शहरे पसरली, शेतांच्या मधोमध वसाहती झाल्या आणि शेणाच्या वासावरून, ट्रॅक्टरच्या आवाजावरून शेतकऱ्यांना कोर्टात खेचले जाऊ लागले. त्यातून ‘राइट टू फार्म’ म्हणजे शेती करण्याच्या हक्काचे कायदे आले. आज पन्नासही राज्यांत असा कायदा आहे. मिशिगनचा 1981 चा. तो सविस्तर सांगतो, कारण त्यातून काय घ्यावे आणि काय टाळावे हे दोन्ही आपल्याला कळते.

कायद्याचा गाभा असा. राज्याच्या कृषी आयोगाने शेतीच्या योग्य पद्धती ठरवून दिल्या आहेत : खत कसे साठवायचे, जनावरांची निगा कशी राखायची, नवा गोठा कुठे बांधायचा. त्या पाळणाऱ्या शेताला ‘उपद्रव’ ठरवता येत नाही. शिवाय, आसपासच्या एका मैलात जमिनीचा वापर बदलला किंवा नवे लोक राहायला आले, पण शेत त्याआधीपासून तिथे होते आणि तेव्हा ते उपद्रव नव्हते, तर नंतरही ते उपद्रव मानले जात नाही. म्हणजे आधी कोण आले याला कायद्यात वजन आहे. तक्रार आली तर तिची पाहणी राज्याचे कृषी खाते करते. त्यामुळे शेण बघायला येणाऱ्या माणसाला शेणातले कळते! तीन वर्षांत एकाच शेताविरुद्ध तीनहून अधिक बिनबुडाच्या तक्रारी केल्या, तर पुढच्या चौकशीचा खर्च तक्रारदारावर पडू शकतो. शेतकरी दावा जिंकला तर त्याला वकिलाची फीही मिळते.

मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी तरतूद. मिशिगनमध्ये शेताचे तुकडे पाडून जमीन विकली जाते, तेव्हा खरेदीखतातच लिहावे लागते की शेजारी शेती असू शकते, तिचा आवाज, धूळ आणि वास येऊ शकतो आणि त्या शेतीला कायद्याचे संरक्षण आहे. घेणाऱ्याच्या हाती येणाऱ्या कागदातच हे लिहिलेले असते. बिल्डरच्या रंगीत पत्रकात हिरवीगार शेते दाखवायची आणि त्या शेतातली जनावरे मात्र दडवायची, याला तिथे जागा उरत नाही.

1999 साली कायदा आणखी कडक झाला. गावाचा किंवा शहराचा कोणताही नियम या कायद्याच्या आड येत असेल, तर तो चालणार नाही, असे त्यात आले. त्याचा फायदा अगदी लहान माणसाला झाला. डेट्रॉईटजवळच्या शेल्बी टाउनशिपचा नियम होता की तीन एकरांखाली कोंबड्या पाळायच्या नाहीत. एका कुटुंबाकडे जेमतेम एक एकर. 2005 मध्ये अपील कोर्टाने सांगितले की शेती विक्रीसाठी असेल आणि ठरलेल्या पद्धती पाळल्या जात असतील, तर असा नियम तिच्या आड येऊ शकत नाही. विक्री किती झाली पाहिजे याला किमान मर्यादाही नाही. अंडी विकून घरखर्चाला हातभार लावणाऱ्या बाईलाही तोच हक्क.

मग 2014 च्या एप्रिलमध्ये कृषी आयोगाने त्या योग्य पद्धतींची नियमावली बदलली. गोठ्यापासून 250 फुटांत शेतकऱ्याचे नसलेले एक जरी घर असले, किंवा एक अष्टमांश मैलात अशी तेरापेक्षा जास्त घरे असली, तर ती जागा ‘प्रामुख्याने निवासी’. तिथे स्थानिक झोनिंगमध्ये शेतीला मुभा नसेल, तर जनावरांना या कायद्याचे संरक्षण नाही, मग ती दोनच का असेनात. परसातल्या शेतीची ढाल गेली आणि सगळे पुन्हा गावाच्या मर्जीवर आले. काही गावांनी मन मोठे केले. इथे ॲन आर्बरमध्ये 2008 पासूनच चार कोंबड्यांना परवानगी होती, शेजाऱ्यांच्या संमतीने. डेट्रॉईटने 2024 मध्ये कोंबड्या, बदके आणि मधमाश्या पाळायला मुभा दिली. पण ही परवानगी आहे, हक्क नाही. नगरसेवक बदलले की ती जाऊ शकते.

उलटे टोक नॉर्थ कॅरोलायनात दिसते. तिथे हजारो डुकरांच्या शेडशेजारी राहणाऱ्या लोकांनी, त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय, 2018 मध्ये ज्युरीपुढे मोठे दावे जिंकले. त्याच सुमारास विधिमंडळाने शेतीहक्काचा कायदा असा बदलला की पुढे दावा लावणेच अवघड झाले. लहान शेतकऱ्याच्या नावाने केलेला कायदा बड्या कंपनीची भिंत झाला. हा अन्याय आहे, आणि आपण कायदा मागताना तो डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे.

आपल्याकडे असा कायदा नाही. एक आधार मात्र आहे, तो फारसा कुणी वापरत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये ‘शेतघर’ या व्याख्येत गुरांचा निवाराही येतो आणि कलम 41 खाली शेतजमिनीवर तो बांधता येतो. पण जमीन निवासी झोनमध्ये गेली की हा आधार लंगडा पडतो. सार्वजनिक उपद्रवाची तक्रार झाली तर प्रकरण प्रांत किंवा तहसीलदारांपुढे उभे राहते. ‘गोठा आधीचा, सोसायटी नंतरची’ एवढे म्हणून तिथे सुटका होईल, असे कायद्यात कुठे लिहिलेले नाही.

शिरूर आणि दौंड तालुक्यांचा काही भाग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) हद्दीत आहे. त्याचा 2021 साली प्रसिद्ध झालेला प्रारूप विकास आराखडा सरकारने 2025 मध्ये रद्द केला. म्हणजे आराखड्याचे काम पुन्हा होणार, झोनच्या रेषा पुन्हा आखल्या जाणार. रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांसाठी आणि त्यांच्या कामगारांच्या घरांसाठी जागा मागणारे पुष्कळ असतील. वस्तीवरच्या चार म्हशी आणि वीस कोंबड्यांसाठी कोण बोलणार?

म्हणून गावकऱ्यांना माझे सांगणे आहे. आराखडा येईपर्यंत थांबू नका. गोठा किती सालापासून आहे याचे पुरावे, म्हणजे ग्रामपंचायतीची नोंद, दूध डेअरीची पुस्तके, वीजबिले, आत्ताच गोळा करा. खताचा खड्डा झाकलेला आणि विहिरीपासून दूर ठेवा, कारण वास आणि माश्या आवरल्या नाहीत तर कोणताही कायदा पाठीशी राहणार नाही. ग्रामसभेत ठराव करा की जुन्या गोठ्यांना आणि परसातल्या मर्यादित जनावरांना नव्या झोनमध्येही अभय मिळावे, आणि शेतालगतच्या प्लॉटच्या खरेदीखतात शेजारच्या शेतीचा उल्लेख सक्तीचा व्हावा. आमदारांकडे हीच मागणी लेखी द्या. आणि आराखडा जाहीर झाला की मुदतीत प्रत्येक घरातून हरकत दाखल करा.