शंकरपाळी आणि पाण्याचा पंप

इमारतीच्या तळाशी एक टाकी, गच्चीवर दुसरी आणि ती भरायला पंप. ही रचना आपल्या सगळ्यांच्या परिचयाची आहे. हा पंप एखाद्या छोट्या मायक्रोकंट्रोलरकडून आपोआप चालवायचा असेल, तर सुरुवात कोडपासून नव्हे, कागदावरच्या फ्लोचार्टपासून करावी.

कामाच्या पायऱ्या चित्ररूपात मांडायची पद्धत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांपुढे ठेवली. १९४७ मध्ये गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी अशाच आकृत्या संगणकाचे प्रोग्रॅम आखायला वापरल्या. त्यातली मुख्य चिन्हे दोनच: कृतीसाठी चौकोन आणि प्रश्नासाठी शंकरपाळीचा आकार. शंकरपाळीतून ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोन वाटा निघतात.

पहिला विचार साधा असतो: पंप सुरू करा, वीस मिनिटे थांबा, बंद करा. तीन चौकोन, शंकरपाळी एकही नाही. पण ‘थांबा’ या चौकोनात मायक्रोकंट्रोलर खरोखरच थांबतो, कोणताही सेन्सर वाचत नाही. दहाव्या मिनिटाला खालची टाकी रिकामी झाली, तरी पंप कोरडाच फिरत राहतो. पंपाच्या सीलला थंडावा आणि वंगण पाण्याकडूनच मिळते. पाणी नसेल तर सील तापून खराब होते.

म्हणून वाट पाहण्याऐवजी प्रश्न विचारायचे, आणि तेही योग्य क्रमाने:

१. खालच्या टाकीत पाणी आहे का? ‘नाही’ असेल तर पंप बंद करून पुन्हा सुरुवातीला.

२. वरची टाकी भरली का? ‘हो’ असेल तर पंप बंद करून पुन्हा सुरुवातीला.

३. वरच्या टाकीतले पाणी खालच्या खुणेखाली गेले का? ‘हो’ असेल तर पंप सुरू. ‘नाही’ असेल तर काहीच न करता पुन्हा सुरुवातीला.

थांबवणारे प्रश्न आधी, सुरू करणारा शेवटी. या तक्त्याला ‘शेवट’ नाही. हे चक्र सेकंदाला अनेकदा फिरत राहते.

तिसऱ्या प्रश्नातले ‘काहीच न करता’ महत्त्वाचे आहे. पाणी दोन खुणांच्या मध्ये असताना चालू पंप चालूच राहतो, बंद असलेला बंदच. याला हिस्टेरिसिस म्हणतात. एकच खूण ठेवली, तर कुणी नळ उघडला की पंप सुरू आणि क्षणात बंद, असा खेळ चालेल. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते. त्यामुळे मोटर आणि रिले दोन्हींचे आयुष्य घटते.

आता प्रत्येक शंकरपाळीला आणखी एक प्रश्न विचारा: सेन्सरची वायर तुटली तर कुठली वाट धरली जाईल? ‘टाकी भरली’ हे तरंगत्या स्विचचे सर्किट जोडले गेल्यावर कळणार असेल, तर तुटलेल्या वायरमुळे ते कधीच कळणार नाही आणि गच्चीवरून पाणी वाहत राहील. टाकी भरल्यावर सर्किट उघडेल असा स्विच जोडला, तर तुटलेली वायरही पंप बंदच करेल.

हे सगळे निर्णय पेन्सिलने घेता येतात, एकही ओळ कोड न लिहिता. नंतर पंपाच्या जागी एक एलईडी आणि टाकीच्या जागी बादली ठेवून तक्त्यातली प्रत्येक वाट एकदा तपासून पाहा. एक वायर मुद्दाम काढूनही पाहा.